शिवकालीन मावळ्यांच्या गणवेशाचा नेमका रंग कोणता? २८ मिलिमीटर उंचीचे छोटे सैनिक रंगवायचे आहेत

गणवेश नव्हताच. त्यामुळे तुम्ही शोधताय तो 'अचूक रंग' कुठेच सापडणार नाही, आणि कुणी छातीठोकपणे एकच रंग सांगितला तर त्याचं ऐकू नका.

घोडदळात बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून आधी विचारायचं, या माणसाच्या अंगावरच्या कापडाचे पैसे कुणी दिले? सरकारने ताग्यांनी कापड घेऊन सगळ्यांना शिवून दिलं असेल तरच रांगेत एक रंग दिसतो. डोंगरातला पाईक, म्हणजे पायदळाचा शिपाई, घरचं नेसून येणार.

इतकं तोडून लिहितोय त्याला कारण आहे. कोल्हापुरात दिवाळीचा किल्ला हा नुसता पोरांचा खेळ नाही. आमच्या पेठेत मोठी माणसं रात्र-रात्र जागून किल्ले करतात. एका दिवाळीला आम्ही घोडखिंड केली होती. १३ जुलै १६६०, पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडे निघालेत आणि बाजीप्रभू बांदल देशमुखांच्या मावळ्यांना घेऊन खिंडीत उभे आहेत. मावळे रंगवायचं काम माझ्याकडे होतं. पन्हाळ्यापलीकडचा आषाढातला पाऊस इकडच्या माणसाला सांगायला नको. रात्रभर त्या चिखलातून पळत आलेला माणूस कसा दिसेल, एवढंच डोळ्यासमोर ठेवलं. मळकं मुंडासं, वर खोचलेलं धोतर, खांद्यावर भिजून जड झालेली घोंगडी, गुडघ्यापर्यंत लाल चिखल. दोन मावळे सारखे दिसणार नाहीत याची काळजी घेतली. कुणाचं मुंडासं कोरं, कुणाचं विटलेलं लाल, एखाद्याचं निळसर.

परीक्षक आले. वाकूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "भगवे फेटे कुठायत? हे मावळे वाटत नाहीत, मजूर वाटतात." बक्षीस गेलं ते झाडून सगळ्या मावळ्यांना एकच भगवा फेटा आणि एकच पिवळा अंगरखा घातलेल्या किल्ल्याला. मी पुरावा विचारला तर उत्तर मिळालं, "हे सगळ्या जगाला माहीत आहे."

सगळ्या जगाला एके काळी भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून माहीत होतं! वा. सी. बेंद्रे यांनी खरं, समकालीन चित्र शोधून पुढे आणलं तेव्हा ती चूक सुटली. आणि मजूर वाटतात म्हणजे काय? नांगर सोडून आलेली माणसं होती ती. तीच तर त्यांची थोरवी.

भगव्याबद्दल आणखी एक. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ ची, विल्यम पर्किनच्या जांभळ्यापासून. त्याआधी कापड रंगायचं ते नीळ, मंजिष्ठ आणि आल (मुळांपासूनचे लाल रंग), लाख, हळद, कुसुंबा (करडईच्या फुलांचा रंग) यांत. हिरवा हवा तर निळीवर हळदीचा हात. यातला कुसुंबा आणि हळद उन्हाला टिकत नाहीत, कुसुंबा धुण्यातही उतरतो. म्हणजे एखाद्याने हौसेने केशरी मुंडासं बांधलं असतं तरी पावसाळ्यातल्या मोहिमेत ते फिकटच दिसलं असतं. बाटलीतला झगझगीत नारिंगी थेट लावायचा नाही तो यासाठी.

रंगवताना पांढऱ्याची सुरुवात पांढऱ्याने करू नका. खाली राखाडीत थोडा मातकट मिसळून बेस द्या, वर फिकट करत या, कोरा पांढरा फक्त घड्यांच्या टोकाला. घोंगडीला निव्वळ काळा नको, त्यात तपकिरी घाला. एवढ्या लहान आकृतीवर प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून निळीतही थोडा राखाडी.

बघायचंच असेल तर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहातलं चित्र बघा. घोड्यावर महाराज आणि भोवती पायी चालणारे हत्यारबंद लोक. पागोट्याची बांधणी आणि जाम्याची बेतणी तिथून घ्या. चितारी मुघली वळणाचा होता, तेवढं लक्षात ठेवून. पेशवाईसाठी वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं आहेत. संस्थानकाळातली पलटण करणार असाल तर जुन्या कृष्णधवल फोटोंवरून रंग ठरवू नका. त्या काळच्या फोटोच्या काचांवर निळा फिका उमटायचा आणि लाल जवळजवळ काळा.

आता अपवाद, जे आधीच सांगायला हवे होते. निशाण भगवंच, त्यात वाद नाही. १६७७ ला महाराज भागानगरला (हैदराबादला) गेले तेव्हा फौजेला मुद्दाम नटवून नेल्याचं बखरकार सभासदाने लिहिलंय, तो प्रसंग करणार असाल तर तुरे आणि सोन्याची कडी मनसोक्त रंगवा. आणि पुढे पानिपतावरचे इब्राहिमखानाचे गारदी किंवा १८०३ च्या असईच्या लढाईतले शिंद्यांचे कंपू, ही युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणींची गोष्ट वेगळी. तिथे एकसारखा पेहराव शोधण्यात अर्थ आहे.

पोरांनी आपल्या किल्ल्यावर भगवे फेटे लावले तर माझं काही म्हणणं नाही, खुशाल लावावेत. पण गुणपत्रिकेत 'ऐतिहासिक अचूकता' असा रकाना ठेवायचा आणि घोंगडीवाल्या बांदलाचे त्यातच गुण कापायचे, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. तुमचे सैनिक कुठे मांडलेत आणि कुणी असंच बोललं, तर वाद घाला. निळीचं, कुसुंब्याचं सगळं सांगा, आणि मग त्याच्याकडचा पुरावा मागा.