देवमाशाच्या लेकराला काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे : इंग्रजीतल्या एका विनोदी बालकादंबरीचं मराठी रूपांतर चालू आहे. नायक आहे हवाईजवळच्या समुद्रात जन्मलेला, हंपबॅक जातीचा लहानगा देवमासा. इंग्रजीत त्याला सतत ‘काफ’ म्हटलं आहे. मराठीत वासरू म्हणावं, बछडा म्हणावं की पिल्लू? देवमासा हा मासाच नाही, मग तो शब्द चालेल का? आणि पानोपानी पेरलेल्या इंग्रजी कोट्यांचं काय करायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे : पिल्लू. पण वासरू का नको हेही नीट पाहू, कारण पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. इंग्रजीने देवमाशाला गोठ्यातले शब्द दिले आहेत. मादीला गाय, नराला बैल, लेकराला वासरू. हत्तीलाही तेच. आपण मात्र हत्तीच्या लेकराला कधी वासरू म्हटलेलं नाही. मराठीत लेकराचा शब्द ज्या त्या जनावराला घट्ट बांधलेला असतो : गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू किंवा पारडू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, हरिणीचं पाडस. वासरू म्हटलं की वाचणाऱ्या मुलाला चार पाय, दावं आणि गळ्यातली घंटा दिसते, आणि ती पुसून समुद्र उभा करण्यात तुमची दोन वाक्यं जातात. बछडा वाघाचा, छावा सिंहाचा. दोन्ही शब्दांत पंजे आणि पराक्रम आहे. ज्यांच्यासाठी असा राखीव शब्द नाही त्यांच्या वाट्याला पिल्लू येतं, मग ती चिमणी असो की हत्ती. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं लेकरू वाळूत अडकलं, तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी ‘पिल्लू’च होतं. भाषेने निकाल दिलेलाच आहे.

पिल्लू शब्दाची एक अडचण आहे, ती लिंगाची. तो नपुंसकलिंगी, म्हणून ‘पिल्लू म्हणालं’, ‘पिल्लू पळालं’. ‘पिल्लू म्हणाला’ हे रूपांतरात हमखास घुसतं, कारण इंग्रजी वाचताना मनात मुलगा असतो. त्याहून बारीक खाच लेखी रूपाची. ‘म्हणालं’ऐवजी ‘म्हणाले’ लिहायचं ठरवलं, तर ‘पिल्लू म्हणाले’ आणि ‘आजोबा म्हणाले’ यांतलं क्रियापद एकच होतं. संवादात नाव न देता नुसतं ‘ते म्हणाले’ आलं की कोण बोललं ते कळेनासं होतं. म्हणून या कादंबरीचं निवेदन पहिल्या पानापासून बोलीच्या वळणाचं ठेवा : म्हणालं, गेलं, बुडालं. नायकाला नाव मिळालं की तिथून ‘तो’ सुरू करा. मराठी घरात हे रोज घडतं. बाळ रडतं, पण बारसं झालं की बंड्या रडतो. नाव मिळण्याचा प्रसंग मूळ पुस्तकात असेल तर हा बदल त्याच प्रकरणात करावा, वाचकाला सांधा जाणवतही नाही.

आता देवमासा. हा शब्द बिनधास्त वापरा. पाणघोडा घोडा नाही, नीलगाय गाय नाही, तारामासाही मासा नाही. नाव म्हणजे प्राणिशास्त्रातला दाखला नव्हे. खटकतो तो ‘व्हेल मासा’. त्यात परका शब्द घेतला आणि वर चुकीची पुस्ती जोडली. व्हेल म्हणायचं तर नुसतं व्हेल, नाहीतर देवमासा. मुलं शाळेत व्हेल म्हणतात, तेव्हा पात्रांच्या तोंडी व्हेल आणि निवेदनात देवमासा अशी वाटणी छान बसते. मात्र देवमाशाच्या मादीला ‘देवमाशी’ करू नका. माशी गुळावर बसते. हाच घोळ अनेकवचनात जास्त छुपा असतो : मासे आणि माशा, दोन्हींचं सामान्यरूप ‘माशां-’. ‘पिल्लू माशांच्या घोळक्यात शिरलं’ या वाक्यात कोणता घोळका? ‘मासळीच्या थव्यात’ लिहिलं की शंका मिटते. इंग्रजीतलं माशांचं ‘स्कूल’ म्हणजे शाळा नव्हे आणि देवमाशांचा ‘पॉड’ म्हणजे शेंग नव्हे, तो कळप. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला की अशा शेंगा उगवतात.

व्हेल शार्क हा मात्र खराखुरा मासा आहे, मुशीच्या म्हणजे शार्कच्या कुळातला. मूळ पुस्तकात तो आला तर त्याला देवमाशाचा भाऊबंद करू नका. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची शिकार थांबावी म्हणून २००४च्या सुमारास जी मोहीम झाली, तिच्यात रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव रूढ झालं. व्हेलच्या उच्चाराला चिकटून जाणारा, तरी अस्सल गुजराती शब्द! रूपांतरात असंच काही साधायला हवं.

‘तिमिंगिल’ हा शब्द टाकू नका, जपून ठेवा. तिमि नावाचा प्रचंड जलचर, त्याला गिळणारा तो तिमिंगिल, आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल. आपलं ‘गिळणे’ याच धातूचं. कथेत एखादा बढाईखोर म्हातारा असेल तर त्याच्या तोंडी हा शब्द द्या आणि प्रत्येक भांडणात त्याला एकेक ‘गिल’ वाढवू द्या. मुलांना असली शेपटं लावायला फार आवडतं. फक्त हंपबॅकला माणूस गिळायला लावू नका. तोंड माणूस मावेल एवढं असलं तरी घसा एरवी मुठीएवढाच असतो, ताणला तरी त्यातून माणूस जात नाही.

नात्यांचे शब्द हा सगळ्यांत नाजूक भाग आहे. इंग्रजीत ‘आंट’ आणि ‘अंकल’ म्हटलं की भागतं, मराठीत मावशी, आत्या, मामी, काकू यांतून निवडावंच लागतं. इथे देवमाशाची जात आधी ठरली पाहिजे. हंपबॅकच्या पिल्लाजवळ असते ती फक्त आई. बाप पिल्लाच्या संगोपनात नसतोच. मायलेकरांच्या मागे एखादा नर रेंगाळताना दिसतो, तो बहुधा आईच्या मागावर असतो. त्याला ‘बाबा’ म्हणणं चूक, ‘काका’ म्हणणं त्याहून चूक. भरलं घर हवं असेल तर ते स्पर्म व्हेलचं. तिथे माद्या आणि लेकरं एकत्र राहतात, आई खोल बुडी मारून शिकारीला गेली की दुसऱ्या माद्या पिल्लाजवळ थांबतात. म्हणजे आजी आहे, मावशी आहे, मावसबहिणी आहेत. नर किशोरवयात कळप सोडून जातात, त्यामुळे मामा असला तर तो अजून मिसरूड न फुटलेला. आत्या आणि काका या कळपात असूच शकत नाहीत, कारण ती बापाकडची नाती. किलर व्हेलच्या काही कळपांत मुलगे जन्मभर आईजवळ राहतात. तिथे मोठा, धिप्पाड मामा शोभेल. इंग्रजी मजकुरातल्या प्रत्येक ‘आंट’ला डोळे झाकून मावशी केलं तरी तुम्ही बहुतेक बरोबरच ठराल.

जागाही बदलू नका. हवाईजवळ जन्मलेलं पिल्लू आईबरोबर अलास्काच्या थंड पाण्याकडे जातं, जवळजवळ ५,००० किलोमीटर. मराठी मुलांना जवळचं वाटावं म्हणून तेच कथानक मालवणला आणलं तर ते मोडतं. अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, पण ते ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर याच समुद्रात राहतात. प्रवासाची कादंबरी असेल तर ती हवाईचीच राहू द्या.

हंपबॅकला ‘कुबड्या’ म्हणण्याचा मोह टाळा. तो शब्द माणसाला दुखावणारा आहे, शिवाय कुबडीचं अनेकवचनही तेच. आणि या देवमाशाला बैलासारखं वशिंड नसतं. बुडी मारताना तो पाठ कमानीसारखी वर काढतो, त्यावरून ते नाव. ‘पोक काढून बुडी मारली’ हे चित्र अचूक आहे.

आता कोट्या. इंग्रजीतली एकही कोटी जशीच्या तशी आणायचा प्रयत्न करू नका. त्याऐवजी देवमाशाचं खरं शरीर घ्या आणि त्यावर मराठी वाक्प्रचार ठेवून पाहा. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे विनोद तयार असतो. ‘नाकासमोर चालणे’ घ्या. देवमाशाचं नाक डोक्यावर, म्हणजे नाकासमोर जाणारं आज्ञाधारक पिल्लू सरळ आकाशात! पाण्याबाहेर उसळी मारणं हा हंपबॅकचा खास गुण, त्याचं कारण मराठीने फुकट दिलं. ‘चरबी चढली आहे का?’ ही आपल्याकडे शिवी. थंड समुद्राकडे निघालेल्या पिल्लासाठी तो आशीर्वाद, कारण कातडीखालचा चरबीचा थर हेच त्याचं पांघरूण. ‘अजून दुधाचे दात पडले नाहीत’ हे हंपबॅकला लागूच पडत नाही. त्याला दात नसतात, वरच्या जबड्याला प्रत्येक बाजूला २७० ते ४०० पट्ट्यांची झालर लोंबते आणि पाणी तिच्यातून गाळलं जातं. म्हणजे म्हातारा देवमासा पिल्लाला हे ऐकवायला गेला की पिल्लू म्हणणार, ‘आजोबा, तुमचे तरी कुठे आले?’ ‘शेपूट घालणे’ही उलटं होतं : खोल, धाडसाची बुडी मारताना हंपबॅक शेपूट वर उचलतो. त्या शेपटाच्या खालच्या बाजूची काळीपांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि अभ्यासक त्यावरूनच देवमासे ओळखतात. तेव्हा ‘शेपूट दाखव, मग आत सोडतो’ असा रखवालदार खेकडा सहज लिहिता येईल.

काही वाक्प्रचार मात्र गंमत न होता नुसते चुकतात. ‘त्याने तोंड उघडून खोल श्वास घेतला’ हे देवमाशाला जमत नाही, तो नाकानेच श्वास घेतो. उसासा, सुस्कारा, धापा, सगळं डोक्यावरून. हंपबॅकला नाकपुड्या दोन, दातवाल्या देवमाशांना बाहेरून एकच. त्यामुळे ‘नाकपुडी’ की ‘नाकपुड्या’ हेही जातीवर ठरतं. ‘डोक्यावरचं छिद्र’ असं लिहून त्याची गळकी बादली करू नका, ते नाक आहे. वर उडतं ते कारंजंही नव्हे. फुप्फुसातली गरम, दमट हवा जोरात बाहेर पडते आणि तिची वाफ दिसते. बरोबर थोडं पाणी आणि शेंबूडही असतो. अभ्यासक ड्रोन पाठवून तो शेंबूड गोळा करतात, ही माहिती आठ वर्षांच्या वाचकाला सांगितलीच पाहिजे. ‘मान डोलावली’, ‘खांदे उडवले’ हेही काढून टाका, मान दिसण्याइतकी नसतेच. त्याऐवजी लांब पर पाण्यावर आपटू द्या, ते हंपबॅक खरोखर करतात. परांना कल्ले म्हणू नका. कल्ल्यांनी मासे श्वास घेतात आणि देवमाशाला ते नसतात.

दूध पिण्याचे प्रसंग येतील, तिथे मराठी फार श्रीमंत आहे. ओठांनी चोखणं देवमाशाला जमत नाही. पिल्लू जीभ पन्हळीसारखी वळवतं आणि आई दुधाची धार सोडते. म्हणून ‘पान्हा फुटला’ हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. दुधात ३० ते ५० टक्के स्निग्धांश, म्हशीच्या दुधात सहा-सात. तेव्हा ‘घट्ट दूध’ही कमी पडेल, बासुंदी म्हणा. आईला मात्र अंगाई गायला लावू नका. हंपबॅकची ती लांबलचक, तासन्‌तास चालणारी गाणी नरच गातात. आई आणि पिल्लू एकमेकांशी फार हलक्या आवाजात बोलतात, किलर व्हेलच्या कानावर जाऊ नये म्हणून असावं. ‘कुजबुज’ हा शब्द त्यासाठीच ठेवा.

आणि पिल्लू हा शब्द घेतल्याचं सर्वांत मोठं बक्षीस म्हणजे ‘पिल्लू सोडणे’. खोडसाळपणे एखादी खोटी बातमी पसरवून देणं. वासरू किंवा बछडा निवडला असता तर ही गंमत हातची गेली असती. नमुन्यादाखल एक उतारा :

‘जन्मलं तेव्हा पिल्लू वीस पोती तांदळाएवढं भरलं, तरी आईला ते हडकुळंच वाटलं. “जरा चरबी चढू दे अंगावर,” ती कुजबुजली. पिल्लाने ढुशी दिली, आईला पान्हा फुटला. पोट भरल्यावर ती म्हणाली, “आता सरळ नाकासमोर जायचं.” पिल्लू गुणी होतं. ते सरळ नाकासमोर गेलं. पाणी संपलं तरी थांबलं नाही. मग धबाक्! शेजारच्या कासवाने विचारलं, “वर काय आहे रे?” पिल्लू म्हणालं, “वर आणखी एक समुद्र आहे. त्यात तुझे आजोबा पोहत होते. तुला बोलावलंय.” संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावरची सगळी कासवं माना वर करून बसली होती. पिल्लाने पिल्लू सोडलं होतं.’