हिवाळ्यातलं नैराश्य: दिवा आणला, तरी फरक का पडत नाही?

“दर वर्षी ऑक्टोबर संपत आला की माझं सगळं मंदावतं. दहा-दहा तास झोपूनही उठवत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं, कुणाचा फोन घ्यायचाही कंटाळा येतो. मार्चमध्ये आपोआप ठीक होते. घरचे म्हणतात, थंडीचा आळस आहे. यंदा लाइट थेरपीचा, म्हणजे प्रखर उजेडाने उपचार करण्याचा दिवा आणला, तीन आठवडे लावला, ढिम्म फरक नाही. मग हा आजार नाहीच का? की माझ्यावर कशाचाच उपयोग होणार नाही?”

थोड्याफार फरकाने हा प्रश्न दर हिवाळ्यात समुपदेशकासमोर येतो. इथली केस अशाच काही जणांच्या अनुभवांवरून जुळवलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. बाई पस्तिशीच्या, घरूनच संगणकावर काम करणाऱ्या. राहतात तिथे हिवाळ्यात दिवस अगदी लहान आणि आभाळ बहुतेक वेळा भरलेलं.

आधी आळसाचं बघू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली या त्रासाचं नीट वर्णन केलं. आज त्याचं निदान ‘ऋतूनुसार येणारं नैराश्य’ असं होतं, आणि त्यासाठी किमान सलग दोन वर्षं ते ठरावीक ऋतूत येऊन ठरावीक ऋतूत ओसरलेलं असावं लागतं. एरवीच्या नैराश्यात बहुतेकांची झोप उडते, भूक मरते. इथे बऱ्याचदा उलटं होतं: झोप वाढते, भूक वाढते, वजन वाढतं, हातपाय शिशासारखे जड होतात. म्हणून तर घरच्यांना ते आजारपण वाटत नाही. पोटभर जेवणारा, गाढ झोपणारा माणूस आतून खचलाय हे पटायला अवघडच जातं.

कारण थंडी नव्हे, प्रकाश. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसतं. बाहेर उजाडलंय की नाही, हे त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. सकाळी पुरेसा उजेड मिळाला नाही तर हे घड्याळ मागे पडत जातं. माणूस उठून कामाला लागतो, पण शरीराची रात्र संपलेली नसते.

दिव्याकडे वळण्याआधी काही गोष्टी तपासून घेतल्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 यांच्या तपासण्या, कारण यांतल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे का, मधुमेहामुळे डोळ्यांवर परिणाम झालाय का, प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं चालू आहेत का (काही अँटिबायोटिक्स त्यात येतात). असल्यास नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय दिवा लावायचा नाही. मग एक प्रश्न, जो हमखास राहून जातो: वसंतात बरं वाटतं म्हणजे नेमकं काय होतं? चार तास झोपूनही ताजंतवानं, बोलण्याचा धबधबा, भरमसाट खर्च, असं काही? तसं असेल तर बायपोलर आजाराची (ज्यात नैराश्य आणि अतिउत्साहाचा उन्माद आलटून-पालटून येतात) शक्यता धरावी लागते. अशा व्यक्तीला तीव्र प्रकाशामुळे उन्मादाकडे ढकलण्याचा धोका असतो, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय दिवा नकोच. जगणं नकोसं होतं का, हेही स्पष्ट शब्दांत विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर दिव्याचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. बाईंच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

मग त्यांना सांगितलं, “दिवा लावून नेहमीसारख्या बसा आणि यजमानांना टेबलाचा फोटो काढायला सांगा.” फोटोत सगळं दिसलं. दिवा टेबलाच्या पार टोकाला, अर्धा मॉनिटरच्या आड, तोंड भिंतीकडे. खिडकीबाहेर काळोख, कारण वेळ संध्याकाळी सातची. “दिवसभर कामच असतं, तेव्हाच काय ती सवड मिळते,” त्या म्हणाल्या.

खोक्यावर लिहिलं होतं: 10,000 लक्स, 25 सेंमी अंतरावर. (लक्स म्हणजे समोर पोचणाऱ्या उजेडाचं माप.) त्या बसायच्या मीटरभर लांब. अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, साधारण चौथाईवर येतो. चौपट झालं की सोळाव्या हिश्शावर. मोठ्या पॅनेलजवळ हा हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण त्यांच्या छोट्या दिव्याचे डोळ्यांपर्यंत जेमतेम सहाशे लक्स पोचत असणार. एवढा उजेड चांगल्या ऑफिसातही असतो. वर संध्याकाळची वेळ. रात्रीच्या तोंडावर मिळालेला प्रकाश शरीराचं घड्याळ आणखी मागे ढकलतो. म्हणजे दिवा निरुपयोगी नव्हता, मात्रा चुकली होती आणि वेळ तर पूर्ण उलटी होती.

मांडणी बदलली. उठल्यावर तासाभराच्या आत, 30 मिनिटं, खोक्यावर छापलेल्या अंतरावर. दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा जरा वर आणि थोडा बाजूला. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावायची नाही. वाचत किंवा खात बसलं तरी चालतं. साधा चष्मा चालतो, रंगीत काचेचा नाही. खोलीत दिवा लावून इकडेतिकडे वावरणं यात मोजायचं नाही. अतिनील किरण गाळलेले आहेत असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असावं. (म्हणूनच या दिव्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत फार होते.) दिवा कमी ताकदीचा असेल आणि डोळ्यांपर्यंत 2,500 लक्सच पोचत असतील, तर जवळपास दोन तास बसावं लागतं. ते रोज कुणाला जमतं?

त्यांची खरी अडचण वेगळीच होती. हिवाळ्यात त्यांना साडेनऊशिवाय जागच यायची नाही. गजर सहाचा लावून काही होत नाही, तो बंद होतो आणि अपराधीपणा तेवढा उरतो. म्हणून सुरुवात साडेनऊलाच केली आणि दर दोन-तीन दिवसांनी गजर व दिवा पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे आणले. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, चिडचिड झाली. वेळ 15 मिनिटांवर आणून हळूहळू वाढवल्यावर ते थांबलं. फरक साधारण एक-दोन आठवड्यांत जाणवू लागतो. बरं वाटलं म्हणून दिवा मध्येच सोडला तर थोड्याच दिवसांत त्रास परत येतो, तेव्हा तो वसंतापर्यंत चालू ठेवायचा. जोडीला दुपारी बाहेर एक चक्कर. ढगाळ दुपारीही बाहेर काही हजार लक्स असतात, घरात दिवे लावून शंभर ते तीनशे.

झोप सुधारली. मन मात्र तेवढं उचललं नाही, आणि याचं उत्तर दिव्यात नव्हतंच. इतक्या वर्षांत बाईंनी नोव्हेंबर ते मार्च हे महिने आयुष्यातून वजाच करून टाकले होते. पोहणं बंद, मैत्रिणी बंद, नवीन काम ‘उन्हाळ्यात बघू’. उत्साह आला की करू, असं म्हणत थांबायचं. काही केलंच नाही तर उत्साह येणार कुठून?

मग एक कागद केला, दोन रकाने. करण्याआधी: किती बरं वाटेल, 0 ते 10. केल्यानंतर: प्रत्यक्षात किती वाटलं. पोहणं एकदम पूर्ववत करायचं नाही. पहिल्यांदा रात्री फक्त पिशवी भरून दाराशी ठेवायची. पुढच्या वेळी तलावापर्यंत जायचं, दहा मिनिटं पाण्यात, की परत. अंदाज होता 2, नोंद झाली 5. अशा नोंदी साठल्यावर ‘हिवाळ्यात मला काहीच जमत नाही’ हे वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ केली रोहन यांनी 177 जणांवर घेतलेल्या चाचणीत अशी विचार-वर्तनाची उपचारपद्धती आणि लाइट थेरपी, दोन्हींचा हिवाळ्यातला फायदा सारखाच निघाला. दोन हिवाळ्यांनंतर मात्र नैराश्य परतण्याचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे 27 टक्के होतं, दिव्याच्या गटात सुमारे 46. दिवा दर वर्षी नव्याने लावावा लागतो. शिकलेली सवय बऱ्याच अंशी सोबत राहते.

यजमानांना एकच बदल सांगितला. “किती झोपशील?” याऐवजी “दिवा लावलाय, टेबलाशी ये.”

पुढच्या हिवाळ्याचा आराखडा एप्रिलमध्ये, डोकं ताळ्यावर असताना, लिहून ठेवला. त्रास सुरू होतो त्याच्या दोन आठवडे आधी दिवा काढायचा. सुरुवातीच्या खुणा दोन: फोन उचलायचा कंटाळा आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणात. त्या आधी यजमानांच्या लक्षात येतात, म्हणून बोलून दाखवायचं काम त्यांचं. नोकरी सोडण्यासारखे मोठे निर्णय डिसेंबर-जानेवारीत घ्यायचे नाहीत. दिवा नीट लावूनही दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा काम बंद पडायची वेळ आली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. बुप्रोपिऑन हे औषध ऋतूनुसार येणारं नैराश्य टाळण्यासाठी अमेरिकेत 2006 पासून मान्य आहे आणि ते शरदातच, लक्षणं दिसण्याआधी सुरू करतात. ते कुणाला चालतं आणि वसंतात कसं थांबवायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. फिट येण्याचा इतिहास असेल तर ते देत नाहीत, तेव्हा पहिल्याच भेटीत ही माहिती न विसरता सांगायची.