नायट्राइलपासून अमाइड करताना थेट अ‍ॅसिड मिळतं. कोणता मेटल कॅटॅलिस्ट वापरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये अ‍ॅरोमॅटिक नायट्राइल (कार्बन-नायट्रोजनचा तिहेरी बंध असलेला रेणू) कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात) रिफ्लक्स केलं, म्हणजे उकळत ठेवलं, की अमाइड (नायट्राइलला पाण्याचा एक रेणू जोडून होणारं) हाती लागत नाही, कार्बोक्सिलिक अ‍ॅसिड मिळतं. मेटलने हे सुटेल का, आणि कॉलेजच्या लॅबला परवडेल का? मी सोलापूरला चिंचोळी एमआयडीसीत एका बल्क ड्रग युनिटच्या आर अँड डीत आहे, त्यामुळे खर्च आणि वर्कअप (रिअ‍ॅक्शननंतर माल वेगळा करून साफ करणं) आधी बघायची सवय लागलीय.

सुटतं. नायट्राइलला पाणी आपणहून जोडलं जायला हवं, पण ते फार हळू जोडलं जातं. म्हणून आपण कॉस्टिक आणि उष्णता देतो, आणि तेच दोघं तयार झालेलं अमाइडही फोडतात. मेटल नायट्राइलच्या नायट्रोजनला धरतो, शेजारचा कार्बन जास्त इलेक्ट्रोफिलिक होतो आणि न्यूट्रल पाण्यातही काम होतं: आधी इमिनॉल हा मधला रेणू, मग अमाइड. न्यूट्रल पाण्यात अमाइड सहजी तुटत नाही. मेटलचा खरा फायदा वेग नाही, कॉस्टिक टाळता येणं हा आहे.

पेपरमध्ये सगळ्यात देखणा दिसतो तो पार्किन्स या केमिस्टचा प्लॅटिनम कॅटॅलिस्ट (१९९५). नाजूक रेणूंवर उत्तम, पण एम.एस्सी.च्या बजेटमध्ये त्याचं नावही काढू नका. आधी मँगनीज डायऑक्साइड आणि पाणी करून बघा. पिरिडीन, पायराझीनसारख्या रिंगवरच्या नायट्राइलला ते छान चालतं. टीबीचं पायराझिनामाइड सायनोपायराझीनला असंच पाणी जोडून होतं. वर्कअप म्हणजे गरम असतानाच गाळणं. फक्त रेणूत बेंझिलिक किंवा अ‍ॅलिलिक अल्कोहोल असेल तर ते ऑक्सिडाइज होऊन बसेल, तिथे हा मार्ग सोडा.

मग दुसरा मार्ग: कॉपर किंवा पॅलेडियम अ‍ॅसिटेट, आणि पाण्याऐवजी अ‍ॅसिटाल्डॉक्झाइम. ऑक्झाइम मेटलवरच्या नायट्राइलला जोडलं जातं, मग तुटून तुमचं अमाइड देतं आणि स्वतः अ‍ॅसिटोनायट्राइल होतं. हेच सॉल्व्हंट आपल्या सोलापुरात टनांनी बनतं, इथे मात्र ते बायप्रॉडक्ट! ८२ अंशांना उकळतं, रोटावर (रोटरी इव्हॅपोरेटरवर) निघून जातं. ऑक्झाइम जास्तच घ्या, कारण तयार झालेलं अ‍ॅसिटोनायट्राइलही पुन्हा मेटलपाशी रांगेत उभं राहतं. माझी पसंती कॉपरला. औषधात मेटल किती उरलं तर चालतं, त्याची तोंडावाटे रोजची मर्यादा आयसीएच या औषधांच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार पॅलेडियमला १०० मायक्रोग्रॅम, कॉपरला ३००० आहे. किमतीतला फरक तर सांगायलाच नको.

कारखान्यांनी अ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून अ‍ॅक्रिलामाइड करायला बरीच वर्षं कॉपरच वापरलं. १९८५ पासून जपानमध्ये बॅक्टेरियाचं एन्झाइम आलं, पण त्याच्याही गाभ्यात लोखंड नाहीतर कोबाल्ट असतोच.

मेटल हवंच असा गाइडचा हट्ट नसेल, तर डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये पोटॅशियम कार्बोनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रूम टेम्परेचरला बघा. पेरॉक्साइड थेंबाथेंबाने, बर्फात ठेवून. आपल्याकडच्या मे महिन्यातलं रूम टेम्परेचर पुस्तकातलं नसतं. वर्कअपला अ‍ॅसिटोन अजिबात नको, स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतं.

टीएलसीवर (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या प्लेटवर) अमाइड नायट्राइलपेक्षा बरंच खाली राहतं. आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) २२३० सेंमी⁻¹ च्या आसपासचा नायट्राइलचा पीक जाऊन १६५०–१६९० ला कार्बोनिल यायला हवा. कॉपर वापरलं तर इथाइल अ‍ॅसिटेटचा थर ईडीटीएच्या (मेटल पकडून ठेवणाऱ्या रसायनाच्या) पाण्याने धुवा. पाण्याचा थर निळा दिसतोय तोवर धूत राहा.