तोतरा, बोबडा आणि ‘प अडतो’

प्रश्न आहे: तोतरं आणि बोबडं यांत फरक काय, आणि तोतरेपणाची नेमकी व्याख्या कशी करायची?

पहिलं सोपं. ‘काय’ला ‘ताय’ म्हणणारं पोर बोबडं. त्याचा वर्ण बदलतो, पण बोलणं अडत नाही. ‘क-क-काय’ म्हणणारा तोतरा. हिंदीतला ‘तुतलाना’ दिसतो तोतऱ्याचा भाऊ, पण अर्थाने बोबड्याच्या घरचा. आपल्या तोतऱ्याला तिकडे ‘हकलाना’. भाषांतरवाले इथे फसतात.

व्याख्या मात्र निसटते. अक्षराची पुनरावृत्ती कानाला कळते. ‘स्स्साखर’ असं लांबणंही कळतं. पण ओठ मिटून आवाजच न फुटणं, हेही तोतरेपणच. त्याहून पुढची गोष्ट: नाशिकचा माझा एक कॉलेजमित्र सीबीएसहून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाहून, नेहमी निमाणीचं तिकीट काढायचा. घर पंचवटी कारंजाजवळ, म्हणजे उतरून उलटं चालत यायचं. का, ते दोन वर्षांनी सांगितलं: “मला प अडतो.” कंडक्टरच्या लेखी तो तोतरा नव्हताच! स्वतःचं नाव मात्र असं बदलता येत नाही, त्यामुळे तिथे अडायचंच. उलट ‘अं… म्हणजे…’ तर आपण सगळेच करतो. मग रेघ कुठे मारायची?

कारणांबाबत भाषेनेच घोळ घातलाय. ‘त त प प होणे’, ‘बोबडी वळणे’ हे दोन्ही भीतीचे वाक्प्रचार, म्हणून तोतरा तो भित्रा असा समज. भीतीने अडखळणं वाढतं, पण मूळ तिथे नाही. ते बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं, बऱ्याच मुलांचं आपोआप जातं, मोठ्यांत शेकडा एकाच्या आसपास उरतं, पुरुषांत जास्त. अनेकदा घराण्यात चालत येतं, आणि २०१० साली काही जनुकांशी त्याचा संबंधही सापडला. पक्षाघातानंतर उतारवयात सुरू होणारं निराळं. सुश्रुताने शब्दवाहिनी धमन्या वायूने अडल्यावर होणारे मूक (मुका), मिन्मिन (नाकातून बोलणारा) आणि गद्गद (अस्पष्ट, अडखळत बोलणारा) असे तीन प्रकार दिलेत. त्यातल्या ‘गद्गद’चा आजाराचा अर्थ मराठीत मागे पडला, गहिवर तेवढा राहिला.

त्या मित्राला रामकुंडावर चारचौघांबरोबर आरती म्हणताना एकही वर्ण अडत नसे. अशा माणसाला ‘तोतरा’ हे विशेषण चिकटवायला माझं मन घेत नाही. ‘बोलताना अडतं’ म्हणावं. त्याचाच शब्द आहे तो.