१९४९ चा फोर्ड ८एन ट्रॅक्टर ६ व्होल्टचा १२ व्होल्ट कसा करावा?

ओहायोतल्या थंडीत तुमचा ८एन नीट सेल्फ घेत नाही आणि उपाय म्हणून तुम्ही १२ व्होल्टकडे वळताय. मी माझा १२ वर नेलाय, पण तुमचं कारण मला पुरेसं वाटत नाही. हे ट्रॅक्टर ६ व्होल्टवर कडाक्याच्या थंडीतही चालू होत आलेत.

आधी बॅटरीच्या केबल बघा. ६ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो. गंजलेल्या जोडात एक व्होल्ट गळाला तर १२ व्होल्टवाल्याचा बारावा हिस्सा जातो, तुमचा सहावा. बऱ्याचदा मधल्या कुठल्यातरी मालकाने कारची बारीक केबल ठोकून दिलेली असते. ती काढून जाड टाका, अर्थचा जोड (बॅटरीची केबल जिथे ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडते) पत्रा चमकेपर्यंत घासा. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं.

दिवे हवेत किंवा १२ ची बॅटरी सहज मिळते म्हणून करायचंच असेल, तर जरूर करा. बॅटरी चार्ज करणारा डायनामो आणि त्याचा रेग्युलेटर निघेल, त्यांच्या जागी अल्टरनेटर बसेल. मूळ ट्रॅक्टरला पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीचं + टोक लोखंडाला जोडलेलं), तो आता निगेटिव्ह होईल. म्हणून अॅमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या मीटरच्या) दोन वायरींची अदलाबदल करा, नाहीतर काटा उलटा पळेल. सेल्फ मोटर तीच राहू द्या. पोलॅरिटी बदलली तरी ती उलटी फिरत नाही, कारण फील्ड (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) दोन्हींतला करंट एकदमच उलटतो. फक्त १२ वर ती जोरात झेपावते, त्यामुळे बटण थोडा वेळच दाबा.

खरी मेख कॉईलची, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीची. १९४९ मध्ये डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) इंजिनच्या पुढे आणि त्याच्या डोक्यावर चौकोनी कॉईल असते. त्याच आकाराची १२ व्होल्टची कॉईल विकत मिळते, ती घ्या आणि डॅशमागचा मूळ रेझिस्टर जागेवरच ठेवा. तो काढला की करंट वाढून पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळतात.

तीन वायरींचा अल्टरनेटर घेतलात तर चावीकडून येणाऱ्या वायरीत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला. नाहीतर चावी बंद केली तरी अल्टरनेटरकडून उलटा करंट कॉईलला मिळत राहतो आणि इंजिन थांबतच नाही. दिव्यांचे बल्ब अर्थातच १२ चे.

आणि इंजिन बंद असताना चावी चालू सोडू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉईल तापून वितळते, मग ती ६ ची असो वा १२ ची.