मार्गदर्शक, वाटाड्या आणि मृगाचा माग

प्रश्न असा आला आहे : कोल्हापुरात न्यू पॅलेस, टाऊन हॉल अशा संग्रहालय असलेल्या वास्तूंत पाहुण्यांना ‘या’ म्हणून आत घेणारा आणि हिंडवून माहिती देणारा जो माणूस असतो, त्याच्या बिल्ल्यावर काय लिहावं? ‘गाईड’, ‘मार्गदर्शक’ की ‘वाटाड्या’? आणि ‘वाटाड्या’ लिहिलं तर त्याला राग येईल का?

‘गाईड’ आधी निकालात काढू. मराठीत गाईड म्हणजे दहावीला पोरं घोकतात ते, नाहीतर पीएच.डी.च्या सहीसाठी खेटे घालायला लावतात ते. बोलताना खुशाल वापरा.

‘मार्गदर्शक’ हा चांगला शब्द आपण सभा-समारंभात झिजवून टाकला. ‘प्रमुख पाहुण्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले’, म्हणजे पाऊण तास माईक सोडला नाही. त्यात मार्ग दिसत नाही आणि दर्शनही फक्त पाहुण्यांचंच. रोज हे वाचून डोकं उठतं. कारण हा शब्द मुळात जंगलातला आहे.

‘मार्ग’ आला ‘मृग’पासून. मृग म्हणजे हरीण हा नंतरचा अर्थ. आधी कुठलंही रानटी जनावर मृगच. म्हणून सिंह मृगेंद्र आणि शिकार ती मृगया. निपाणीच्या पुढं जाऊन बघा, कन्नडात आजही मृग म्हणजे जनावर आणि प्राणिसंग्रहालय ते ‘मृगालय’. अशा जनावरांच्या ये-जा करण्यानं रानात जी रेघ पडते तो मार्ग. मृगशीर्षावरून मार्गशीर्ष होतो, तसाच हा. पुढं प्राकृतात ‘मग्ग’ झाला आणि मराठीत ‘माग’. माग काढणे, मागावर असणे, मागोवा घेणे, सगळी भाषा शिकाऱ्याची! ‘मागे’सुद्धा त्याच घरातलं, आणि ‘मागणे’ही, कारण शोधायला निघालेला शेवटी मागतोच. आता संग्रहालयातला माणूस बघा. तो इतिहासाचा माग दाखवतो, लोक त्याच्या मागे चालतात, आणि दारात निरोप देताना तो बक्षिसी मागतो. एका धातूवर अख्खी नोकरी!

आपट्यांच्या संस्कृत कोशात ‘मार्ग’ला दोन धातू दिलेत : ‘मृज्’ म्हणजे घासणं-पुसणं आणि ‘मार्ग्’ म्हणजे शोधणं. ‘मृज्’वाल्यांचं म्हणणं, पायांनी घासून लख्ख झाली ती वाट. ही झाडूवाली व्युत्पत्ती मला कधीच पटलेली नाही. पुसून टाकल्यावर माग उरतो कुठं? कोशकारांनी दोन्ही धातू शेजारी बसवून सभ्यपणा दाखवला असेल. मला तेवढा सभ्यपणा जमत नाही.

1884 साली पुरा झालेल्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले वाघ-बिबटे आहेत. या संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरत. त्या दालनात उभा राहून बोलणारा माणूस अक्षरशः मृगांचा मार्ग दाखवतो, तेव्हा तिथं दुसरा शब्द सुचवणाऱ्यानं आधी ते वाघ बघून यावं.

टाऊन हॉलचंही सांगतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची लहानशी मूर्ती तिथल्या संग्रहात आहे. एका पोरानं विचारलं, ‘ह्यो कोण?’ दाखवणारे मामा म्हणाले, ‘त्यांच्याकडचा वरुण म्हण की. समुद्रावरनं आला आन् पंचगंगेकाठी ऱ्हायला.’ रोमन व्यापाराचा मागोवा दोन वाक्यांत. याला म्हणतात मार्गदर्शन!

राहिला ‘वाटाड्या’. राग येईल का? येऊ शकतो, आणि त्याला कारण आहे. सरकारी माणूस गावात आला की त्याला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवायचं काम गावाच्या माथी असे, आणि ते बहुधा महारांवर वेठीनं लादलेलं असे. शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतनच रद्द केलं. त्यांच्याच गावात तो शब्द पुन्हा कुणाच्या छातीवर कशाला डकवायचा? शिवाय वाटाड्या शिवारात लागतो. दालनात वाट चुकायची म्हटली तरी चुकत नाही, जिकडंतिकडं दोऱ्या बांधलेल्या असतात.

आता इचलकरंजीकरांचं एक. यंत्रमागातला ‘माग’ही ‘मार्ग’वरूनच आला, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं त्याच मार्गानं जातो म्हणून, असं तिथले एक निवृत्त मास्तर भेटेल त्याला ठासून सांगतात. साफ चूक. कन्नडात विणकराच्या मागाला ‘मग्ग’ म्हणतात, तेलुगूत ‘मग्गमु’. शब्द सरळ तिकडून आला आहे. शेजाऱ्याच्या दारात शब्द दिसत असताना तो काशीहून आणायचा ही खोड मराठी व्युत्पत्तिकारांची जुनीच.