एकगठ्ठा नोंदी आणि दुप्पट झालेले लिटर

प्रश्न : आमच्या दूध संघाच्या संकलन केंद्रांवरून रोज सुमारे 40,000 नोंदी फाइलमधून येतात आणि मी पायथनमधून त्या मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये भरतो. एकेक नोंद पाठवताना तीन मिनिटांहून अधिक वेळ जात असल्याने मी बल्क राइट, म्हणजे अनेक क्रिया एकगठ्ठा पाठवण्याची सोय, वापरू लागलो. यादीत प्रत्येक पावतीसाठी दोन क्रिया असतात : पावतीची नवी नोंद आणि सभासदाच्या मासिक बेरजेत डॉलर-इन्कने (असलेल्या आकड्यात मिळवणारी क्रिया) लिटरची भर. सभासद क्रमांक, तारीख आणि सत्र या तिन्हींवर मिळून युनिक इंडेक्स आहे, म्हणजे तिन्ही सारखी असलेली दुसरी नोंद डेटाबेस घेत नाही. एके दिवशी मध्येच दुबार नोंदीची चूक आली. ती ओळ काढून कोड पुन्हा चालवला, तर पहिल्याच नोंदीवर तीच चूक आली. म्हणून ऑर्डर्ड हा पर्याय फॉल्स केला, म्हणजे अनऑर्डर्ड पद्धत घेतली. काम पूर्ण झाले, पण अनेक सभासदांची बेरीज दुप्पट लिटरने वाढली. असे का झाले?

उत्तर : एकगठ्ठा पाठवलेल्या क्रिया एक तर सगळ्या होतील, नाही तर एकही होणार नाही, हा आपला समज या घोटाळ्याच्या मुळाशी आहे. बल्क राइट म्हणजे तशी हमी देणारे ट्रॅन्झॅक्शन नव्हे; ती केवळ सर्व्हरपर्यंतच्या फेऱ्यांची बचत आहे. एका फेरीला 5 मिलिसेकंद धरले तरी 40,000 फेऱ्यांना 200 सेकंद लागतात, आणि आपली तीन मिनिटे तिथेच जात होती. गठ्ठ्यातली प्रत्येक क्रिया मात्र स्वतंत्रपणेच पार पडते किंवा फसते.

ऑर्डर्ड पद्धतीत, जी मूळचीच लागू असते, सर्व्हर पहिल्या चुकीपाशी थांबतो. त्याआधी झालेले तसेच राहते आणि पुढचे होतच नाही. अनऑर्डर्ड पद्धतीत चुका बाजूला ठेवून उरलेले सगळे पार पाडले जाते. दुसऱ्या वेळी आधीच शिरलेल्या पावत्या इंडेक्सने अडवल्या, हे योग्यच झाले. परंतु त्यांच्या जोडीच्या डॉलर-इन्कला अडवणारे कोणीच नव्हते, त्यामुळे तेच लिटर दुसऱ्यांदा मिळवले गेले.

गठ्ठ्यातली प्रत्येक क्रिया कितीही वेळा चालवली तरी परिणाम एकच राहावा, अशी ती लिहिली पाहिजे. त्यासाठी पावतीकरिता इन्सर्टवनऐवजी अपडेटवन घ्यावे, त्यात युनिक इंडेक्सचीच क्षेत्रे शोधायला द्यावीत, मूल्ये डॉलर-सेटने लिहावीत आणि अपसर्ट (नोंद असल्यास बदल, नसल्यास नवी नोंद) ट्रू ठेवावे. मासिक बेरीज तर या गठ्ठ्यात असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावत्या भरून झाल्यावर अ‍ॅग्रिगेशनने, म्हणजे डेटाबेसमध्येच गणित करून, ती नव्याने काढावी आणि डॉलर-मर्जने बेरजेच्या कलेक्शनमध्ये (नोंदींच्या संचात) लिहावी. डॉलर-मर्जची सोय मोंगोडीबीच्या 4.2 आवृत्तीपासून आहे. ट्रॅन्झॅक्शनचा मार्गही आहे, पण त्याला रेप्लिका सेट (त्याच डेटाच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) लागतो, मूळची कालमर्यादा 60 सेकंदांची असते, आणि एका खराब ओळीपायी अख्खा दिवस मागे फिरवणे दूध संकलनात परवडणारे नाही.

अनऑर्डर्ड पद्धत अवश्य ठेवावी, मात्र पायमोंगोचा (पायथनला मोंगोडीबीशी जोडणारा ड्रायव्हर) बल्क-राइट-एरर पकडून तो गिळून टाकू नये. त्याच्या डिटेल्समधील राइट-एरर्स या यादीत फसलेल्या प्रत्येक क्रियेचा गठ्ठ्यातील क्रमांक आणि चुकीचा संकेतांक असतो. 11000 म्हणजे दुबार नोंद. बाकी कोणताही संकेतांक दिसल्यास त्या ओळी वेगळ्या फाइलीत काढाव्यात.

गठ्ठ्याच्या आकाराची फार चिंता नको. 3.6 आवृत्तीपासून सर्व्हर एका वेळी 1,00,000 क्रिया घेतो आणि त्याहून मोठी यादी ड्रायव्हर स्वतःच तोडतो. तरीही 1,000 ते 5,000 चे तुकडे केल्यास आपल्या प्रोग्रॅमची मेमरी आवरती राहते आणि चूक शोधणे सोपे जाते.

सध्या बिघडलेल्या बेरजा हाताने वजा करत बसू नका. पावत्यांवरून त्या पुन्हा काढा. त्याआधी मात्र आपण काढून टाकलेली ती ओळ खरोखरच दुबार होती का, हे केंद्रावरच्या पावतीशी पडताळून पाहा. एकाच सत्रात सभासदाने दोन कॅन घातले असतील तर दोन्ही पावत्या खऱ्या असतात. तशा वेळी युनिक इंडेक्समध्ये पावती क्रमांकही हवा, नाही तर अपसर्ट पहिल्या कॅनच्या नोंदीवर दुसऱ्या कॅनचे दूध निमूटपणे लिहून मोकळा होईल.